सात नंबरची टाकी

रात्रपाळीला मी एकटाच असतो.
बाहेर अक्केशीच्या खाडीत काठाकाठाने बर्फ धरलेलं,
आत बारा टाक्या, पंपांची घरघर,
आणि बोटाएवढे मासे: इतोयो.
पाठीवर तीन काटे, आणि तोरा असा
की समुद्र यांच्याच नावावर लिहून दिलाय.

चाळीस वर्षं मी कोंबू काढला.
गुडघे गेले तेव्हा हिसाए-सान म्हणाली,
तोकुजी-सान, तुमचे हात गार पाण्याला सरावलेत,
टाक्या बघाल का?

मासे दोन कुळांचे. मला अजून
फरक कळत नाही, पाटी वाचावी लागते.
एक कूळ फार पूर्वी, बर्फ ओसरताना,
नदीच्या तोंडाशी वळलं आणि चढत गेलं,
तळ्यात राहिलं, तिथलंच झालं.
दुसरं दर वसंतात येतं, अंडी घालतं,
पिल्लं उठतात ती थेट समुद्राकडे.
मुक्कामाला कोणी थांबत नाही.

आवडत नसेल, मी म्हटलं.
परवडत नाही, ती म्हणाली.

मग जुन्या पावतीच्या पाठीवर तिने काढून दाखवलं:
चरबीची लांब साखळी, काडीसारखी ताठ.
तिला जागोजागी बाक द्यावा लागतो,
म्हणजे थंडीत ती थिजत नाही,
डोळ्याच्या पडद्यात, मेंदूत लवत राहते.
बाक देणारं एक एन्झाइम असतं,
कारागीरच म्हणा.
समुद्रात त्याला फारसं काम नाही.
तिथलं शेवाळ आयतं वाकवून ठेवतं,
शेवाळ बारीक कोळंबीच्या पोटात, कोळंबी माशाच्या.
तळ्यात डासांच्या अळ्या. पोट भरतं,
पण साखळ्या अर्ध्यामुर्ध्या वाकलेल्या,
उरलेलं ज्याचं त्याने घरी करायचं.

वर चढलेल्यांच्या घरी कारागीर जास्त होते.
ते कुठून आले?
चुकून, ती म्हणाली.
नक्कल उतरवताना तीच ओळ दोनदा पडली,
दुसरी प्रत भलत्याच पानावर जाऊन बसली.
खोडायला कोणी नव्हतं.
किती पिढ्या ती तशीच पडून होती,
मग एकदा पुढ्यात गोडं पाणी आलं.

माझा थोरला भाऊ, शिगेमाता,
ओबिहिरोकडे गेला होता, बीटाच्या शेतांवर.
दोन हिवाळ्यांत परत.
जेवण चांगलं होतं, म्हणाला, माणसंही,
फक्त झोप लागत नव्हती.
आळशी, म्हणालो आम्ही. वडील तर
शेवटपर्यंत म्हणाले.

सात नंबरच्या टाकीत समुद्राचं कूळ,
पाणी गोडं, खाणं तळ्याचं.
विसाव्या दिवसापासून मी वहीत लिहू लागलो:
तीन. पाच. चार. पुन्हा पाच.
मरताना हे मासे तडफडत नाहीत.
आधी घासावरचा नेम चुकतो,
अळी इथे, तोंड तिथे.

एका रात्री मी खिशातली डबी काढली.
कॉड माशाच्या तेलाच्या गोळ्या,
डॉक्टरने गुडघ्यांसाठी दिलेल्या.
टाचणीने एक फोडली, खाण्यात कालवली.
दुसऱ्या रात्री दुसरी. अशा नऊ रात्री.

वहीत शून्य यायला लागलं.
हिसाए-सान बराच वेळ त्या शून्यांकडे बघत राहिली.
तेव्हा मी सांगून टाकलं.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
तिने तांबडी पेन्सिल घेतली,
सात नंबरच्या रकान्यावर आडवी रेघ मारली,
आणि लिहिलं: हिशेबात धरू नये.
चार महिन्यांचं काम होतं ते.
दाराशी जाऊन ती वळली.
रोज किती गोळ्या?
एक.
तेही तिने लिहिलं, रेघेखाली,
बारीक अक्षरात.

आता मार्च लागलाय. बाकीच्या टाक्या
धुऊन पालथ्या घातल्या.
सात नंबरची तेवढी चालू आहे, कोणी विचारत नाही.
रात्री दहाला दिवा लावला की अकराही जण काचेशी येतात,
आणि नेम चुकत नाही एकाचाही.
एक गोळी त्यांना, एक मला.
गुडघे आहेत तसेच आहेत.